टुंड्राचे पाहुणे तापीच्या काठी

चांगदेवाच्या देवळापाशी तापी आणि पूर्णा या दोन नद्यांचा संगम होतो. तेथून थोडे खाली, हतनूर येथे, धरण बांधून हे एकत्र झालेले पाणी अडविलेले आहे. धरण 1982 साली पुरे झाले. पूर्णा वऱ्हाडातून येताना त्या मुलखाची काळी माती बरोबर घेऊन येते; ती जलाशयाच्या पोटात साचत राहते, आणि हिवाळ्यात पाणी उतरू लागले म्हणजे काठाकाठाने मऊ गाळाचा रुंद पट्टा उघडा पडतो. पाटबंधाऱ्याच्या दृष्टीने हा गाळ म्हणजे एक मोठी पीडाच होय. परंतु मार्गशीर्षातल्या एखाद्या सकाळी आपण त्या काठावर जाऊन घटकाभर स्वस्थ उभे राहिलात, तर त्याच गाळाच्या ओढीने किती दुरून पाहुणे येतात, हे आपल्या दृष्टीस पडेल.

त्यांपैकी एका अगदी क्षुद्र दिसणाऱ्या पाहुण्याची हकीकत आज मला सांगावयाची आहे. प्रथमदर्शनी तो पक्षी आहे असे वाटतच नाही. गाळाचे एखादे ढेकूळच धावत सुटले असा भास होतो. आकाराने तो चिमणीहून किंचित लहान, पाठीवर करडा, पोटाशी पांढरा. पाय आणि चोच काळी. थव्याने पाण्याच्या कडेकडेने धावावयाचे आणि शिवणयंत्राच्या सुईप्रमाणे भराभर चोच गाळात खुपसावयाची, एवढाच त्याचा दिवसभराचा उद्योग. मराठीत त्याला छोटा टिलवा असे नाव आहे. वजन म्हणाल तर दोन तोळे, फार तर अडीच तोळे. या दोन तोळ्यांच्या जिवाचा जन्म खानदेशात झालेला नसतो, हिंदुस्थानातही झालेला नसतो. तो जन्मतो उत्तर ध्रुवसमुद्राच्या काठी, टुंड्रा नावाच्या वृक्षहीन प्रदेशात.

हे अंतर केवढे आहे? आपल्या घरी भूगोलाचा नकाशा असेल, तर जळगावावर पट्टी ठेवून सरळ उत्तरेकडे एक रेघ ओढावी. ती रेघ इंदूर, जयपूर आणि लुधियाना या शहरांजवळून जाईल, काश्मीरच्या पर्वतराजी ओलांडून काशगरपाशी पोहोचेल, कझाकस्तानची गवताळ मैदाने आणि सायबेरियाचे सूचिपर्णी अरण्य कापून शेवटी गिडान नावाच्या द्वीपकल्पात ध्रुवसमुद्राला टेकेल. हे सारे मिळून सुमारे साडेतीन हजार मैल होतात. पक्षी काही पट्टी लावून उडत नाहीत; वाटेत खाऱ्या सरोवरांच्या काठी थांबत, पोट भरत, वळसे घेत ते येतात. टिलव्यांची जन्मभूमीही एका गिडानपुरती नाही. नॉर्वेच्या उत्तर टोकापासून सायबेरियात याना नदीपर्यंत ती पसरलेली आहे. तथापि खानदेश आणि टुंड्रा हे एकाच रेघेची दोन टोके आहेत, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे पुढील विवेचन सोपे जाईल.

येथे एक गैरसमज दूर करणे अवश्य आहे. हिवाळ्यात आपल्या तलावांवर जे जे पाखरू उतरते, त्याला सरसकट ‘सायबेरियन’ म्हणण्याची वर्तमानपत्रांना सवय लागली आहे. ती बरोबर नव्हे. चक्रवाक आणि डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्ट कादंब हे तिबेट, लडाख व मध्य आशियातील उंच पठारांवरचे रहिवासी; टुंड्राशी त्यांचा संबंध नाही. खऱ्या टुंड्रातून येणारे पक्षी दिसावयास बहुधा लहान आणि रंगाने साधे असतात. छोटा टिलवा हा त्यांतला एक. हिवाळ्यात मळकट पिवळा दिसणारा पण विणीच्या दिवसांत काळे-सोनेरी वस्त्र नेसणारा सोन चिखल्या हा दुसरा. छायाचित्रकार कादंबांच्या मागे धावतात, आणि टिलवा बिचारा त्यांच्या पायाखालच्या गाळात दुर्लक्षित राहतो.

खानदेशातील पक्ष्यांची दखल मात्र फार पूर्वीच घेतली गेली आहे. पश्चिम खानदेशच्या पक्ष्यांची एक कच्ची यादी जे. डेव्हिडसन नावाच्या मुलकी अधिकाऱ्याने 1882 साली ‘स्ट्रे फेदर्स’ या नियतकालिकात छापली. त्या वेळी खानदेश हा एकच जिल्हा होता व धुळे हे त्याचे मुख्य ठाणे. पूर्व आणि पश्चिम अशी त्याची वाटणी 1906 साली झाली. या नियतकालिकाचे संपादक होते ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. राष्ट्रसभेच्या स्थापनेत पुढे 1885 साली पुढाकार घेणारे ते हेच गृहस्थ! हिवाळी पक्षी येतात केव्हा आणि जातात केव्हा, हे येथे राहून टिपता येई. परंतु ते जातात कोठे, याचा शोध दुसऱ्या टोकालाच घेणे भाग होते. तो शोधही त्याच सुमारास चालला होता. 1875 साली हेन्री सीबोम आणि हार्वी-ब्राऊन हे दोन पक्षिशास्त्रज्ञ रशियातील पेचोरा नदीच्या मुखाकडील टुंड्रात अशा पक्ष्यांची घरटी हुडकण्यासाठी गेले, आणि इतर वस्तूंबरोबर छोट्या टिलव्याची अंडी घेऊन परतले.

आता हा टुंड्रा आहे तरी कसा? ज्या प्रदेशात वर्षातील सर्वांत उष्ण महिन्याचे सरासरी तापमानसुद्धा दहा अंश सेंटिग्रेडच्या वर जात नाही, तेथे झाड उभे राहू शकत नाही, असा ढोबळ नियम आहे. पौषातल्या एखाद्या कडाक्याच्या पहाटे जळगावात पारा दहा अंशांवर उतरतो आणि लोक गल्लोगल्ली शेकोट्या पेटवितात. ती आपली पहाट म्हणजे टुंड्राचा भर उन्हाळा, अशी कल्पना करावी. हिवाळ्याची गोष्टच बोलावयास नको. कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही, आणि उलट उन्हाळ्यात दोन-अडीच महिने तो मावळत नाही. या दीर्घ दिवसाची आणि दीर्घ रात्रीची महाराष्ट्राला ओळख लोकमान्य टिळकांनी करून दिली. आर्यांचे मूलस्थान उत्तर ध्रुवाकडे होते, असे प्रतिपादन करणारा त्यांचा इंग्रजी ग्रंथ 1903 साली प्रसिद्ध झाला. तो सिद्धान्त आज विद्वान मानीत नाहीत. पण ध्रुवप्रदेशाचे नाव मराठी घरांत परिचयाचे झाले ते त्यामुळे, यात संशय नाही.

टुंड्रातील खरे नवल जमिनीच्या खाली आहे. तेथील माती थोडक्या खोलीनंतर वर्षानुवर्षे गोठलेलीच असते. सायबेरियात असा थर शेकडो फूट खोल गेलेला आढळतो. त्याला आपण चिरहिमभूमी म्हणू. उन्हाळ्यात वरचा थर तेवढा वितळतो, कोठे वीतभर तर कोठे दोन हात. मुळांना वाढावयास जागा काय ती तेवढीच. म्हणून तेथे वाळुंज-वर्गातील झुडुपे चार बोटे उंच होतात आणि उभी न राहता जमिनीवर सरपटत जातात.

या गोठलेल्या तळाचा दुसरा परिणाम अधिक महत्त्वाचा आहे. टुंड्रात पाऊस आणि बर्फ मिळून वर्षाकाठी बहुतेक ठिकाणी सहा ते दहा इंचच पाणी पडते. धुळ्याच्या आसपास वीस-पंचवीस इंच पाऊस होतो, आणि तरीही पांझरेच्या काठच्या शेतकऱ्याला फडपद्धतीने बंधाऱ्याचे पाणी पाळीपाळीने वाटून घ्यावे लागले. मग त्याच्या निम्म्याहून कमी पाण्यात टुंड्रा वाळवंट का होत नाही? कारण ते पाणी खाली मुरू शकत नाही. बर्फाचा तळ त्याला धरून ठेवतो, आणि थंडीमुळे वाफही फारशी होत नाही. परिणामी ज्येष्ठ-आषाढात तो सारा प्रदेश डबकी, दलदल आणि तळी यांनी भरून जातो. एका अर्थी तेथे निसर्गाने जमिनीखालीच धरण बांधलेले आहे.

या ओल्या भूमीवर शेवाळ आणि दगडफूल यांचे गालिचे पसरतात. दगडफूल म्हटल्यावर गृहिणींच्या डोळ्यांपुढे मसाल्याचा डबा उभा राहील, आणि ते योग्यच आहे. आपल्या काळ्या मसाल्यात पडणारे दगडफूल आणि टुंड्रातील रेनडिअर हिवाळ्यात बर्फ उकरून खातात ते दगडफूल, ही एकाच गोत्रातली. बुरशी आणि शैवाल यांच्या भागीदारीतून बनलेली ही वनस्पती अतिशय सावकाश वाढते. रेनडिअरच्या कळपाने एकदा चरून टाकलेले कुरण पुन्हा भरण्यास अनेक वर्षे लागतात. म्हणून नेनेत्स नावाचे तेथील पशुपाल लोक कळपांसह सतत फिरतीवर असतात. कापसाच्या मुलखातील आपणा श्रोत्यांना आणखी एका वनस्पतीचे कौतुक वाटेल. आपल्या नागरमोथ्याच्या कुळातले एक गवत तेथे दलदलीत वाढते, आणि उन्हाळ्यात त्याला बोंडासारखे पांढरे शुभ्र झुबके येतात. त्याचे नावच कापूस-गवत असे आहे. मैलोगणती ते फुललेले असते. मात्र त्याचे सूत काढता येत नाही.

आणि या साऱ्यांवर राज्य कोणाचे, तर डासांचे! माणसाला आणि रेनडिअरला हे डास नकोसे करून सोडतात. परंतु टिलव्यासारखे पक्षी साडेतीन हजार मैल उडून जातात ते याच डासांसाठी, माश्यांसाठी आणि पाण्यातल्या त्यांच्या अळ्यांसाठी. दहा महिने झोपलेली ही कीटकसृष्टी दोन महिन्यांत एकदम बाहेर पडते. सूर्य मावळत नसल्यामुळे पिलांना चोवीस तास खाता येते. टिलव्याची पिले अंड्यातून निघताच स्वतःच्या पायांनी धावू लागतात व स्वतःच भक्ष्य टिपतात. आईबापांनी चारा भरवावयाचा नसतो, ऊब देऊन राखण करावयाची असते. मादी एका खेपेस चार अंडी घालते, आणि त्या चारांचे वजन जवळजवळ तिच्या स्वतःच्या वजनाइतके भरते. पुष्कळदा ती दोन घरटी मांडते: एकातील अंडी नर उबवितो, दुसऱ्यातील ती स्वतः. एवढी अंडी घालण्याचे बळ ती दक्षिणेतून शिदोरी बांधून नेत असेल काय, असा प्रश्न शास्त्रज्ञांना पडला होता. अशा किनारी पक्ष्यांच्या बाबतीत 2001 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्याचे उत्तर दिले. अंड्यातील द्रव्य टुंड्रातल्या अन्नाचेच असते. आपल्या गाळातील अळ्या त्याला प्रवासाचे बळ देतात. प्रजा मात्र टुंड्राच्या अन्नावर निपजते.

येथपर्यंतची कथा सुखाची झाली. परंतु टिलव्याचे आणि त्याच्या भाऊबंदांचे दैव आणखी एका प्राण्याच्या हाती आहे, आणि तो त्याचा मित्रही नाही, शत्रूही नाही. लेमिंग हा उंदराच्या जातीचा गुबगुबीत प्राणी टुंड्रात बर्फाखाली हिवाळा काढतो. बर्फाचा जाड थर ही त्याची गोधडी. तिच्याखाली बिळे करून तो शेवाळ आणि गवत खातो व तेथेच पिले घालतो. दर तीन-चार वर्षांनी लेमिंगांची संख्या अफाट वाढते व पुढच्याच वर्षी कोसळते. ज्या वर्षी ते उदंड असतात, त्या वर्षी ध्रुवीय कोल्हा, हिमघुबड आणि स्कुआ नावाचा लुटारू समुद्रपक्षी यांची चंगळ असते. पक्ष्यांच्या अंड्यांकडे ते ढुंकूनही पाहत नाहीत. पुढच्या वर्षी लेमिंग नाहीसे होतात, पण त्यांच्यावर पोसलेल्या कोल्ह्यांची भूक शिल्लक असते. मग दलदलीतले एकेक घरटे हुडकून अंडी आणि पिले फस्त केली जातात. टिलव्याचाच एक वाकड्या चोचीचा चुलतभाऊ तैमिर द्वीपकल्पात वीण करतो. त्याच्या दक्षिणेकडील थव्यांत तरुण पक्षी किती, याची वर्षानुवर्षे मोजदाद केल्यावर असे दिसून आले की, लेमिंगांच्या सुबत्तेच्या वर्षी तरुणांचे प्रमाण मोठे असते आणि दुष्काळाच्या वर्षी ते जवळजवळ शून्यावर येते. हजारो मैलांवरच्या चिखलात उभे राहून टुंड्रातल्या उंदरांचे साल कसे गेले, हे अशा रीतीने वाचता येते!

अलीकडे हे वाचन बिघडू लागले आहे. 1979 पासूनच्या नोंदी तपासून शास्त्रज्ञांनी 2022 साली असे दाखविले की, उत्तर ध्रुवप्रदेश साऱ्या पृथ्वीच्या सरासरीच्या जवळजवळ चौपट वेगाने तापला आहे. हिवाळ्यात मध्येच बर्फ वितळून पुन्हा गोठला म्हणजे जमिनीलगत कठीण कवच बनते. लेमिंगांची गोधडी भिजून त्यांचे अन्न बर्फात कोंडले जाते. ग्रीनलँडच्या ईशान्य भागात 2000 नंतर लेमिंगांचे जुने चक्र मोडून पडल्याचे आढळले. सुबत्तेची वर्षेच आली नाहीत, तर कोल्ह्याच्या तोंडून पिले वाचणार कशी?

दुसरे संकट वेळेचे आहे. टिलव्याने हतनूरचा काठ केव्हा सोडावा, हे त्याला दिनमान आणि शरीरातील कालगणना सांगते. तिकडे बर्फ लवकर वितळले आहे की उशिरा, हे चैत्रात येथे बसून त्याला कळण्याचा मार्ग नाही. बर्फ लवकर वितळले तर कीटकांचा हंगामही लवकर येतो, आणि पिले अंड्यांतून बाहेर पडेपर्यंत पंगत उठलेली असते. ही केवळ कल्पना नव्हे. तैमिरात वीण करून आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर हिवाळा घालविणाऱ्या नॉट नावाच्या पक्ष्याविषयी 2016 साली एक निबंध प्रसिद्ध झाला. बर्फ लवकर वितळलेल्या वर्षांत जन्मलेली नॉटची पिले अंगाने लहान आणि आखूड चोचीची निपजली. टुंड्रात त्याने बिघडले नाही. बिघडले ते आफ्रिकेत. तेथील शिंपल्या वाळूत खोल असतात, आणि आखूड चोच तेथवर पोहोचेना. अशा पिलांपैकी फार थोडी जगली. टिलव्याच्या बाबतीत असेच घडते असे मी म्हणत नाही. पण एका टोकाचे दुखणे दुसऱ्या टोकाला कसे बाहेर पडते, ते या उदाहरणावरून दिसते.

चिरहिमभूमीचे दुखणे तर पक्ष्यांपुरतेही राहत नाही. आपल्याकडे उकिरड्यातले शेणखत पावसापाण्याने वर्षभरात कुजते. टुंड्रात पाने, मुळे, शेवाळ हे सारे हजारो वर्षे न कुजता गोठून राहिले आहे. यमाल द्वीपकल्पात 2007 साली मॅमथ या नामशेष हत्तीचे एक पिलू एका रेनडिअर-पालकाला सापडले. सुमारे चाळीस हजार वर्षांनंतरही त्याचे कातडे शाबूत होते. अशा रीतीने या थरात साठलेला कार्बन आज साऱ्या वातावरणात असलेल्या कार्बनाच्या जवळजवळ दुप्पट आहे. थर वितळला की कुजण्याची क्रिया सुरू होते, वायू वर जातात आणि उष्णता आणखी वाढते. काही पुरलेल्या गोष्टी तर त्याहून लवकर वर येतात. 2016 च्या कडक उन्हाळ्यात यमालमध्ये काळपुळीची साथ उसळली, दोन हजारांहून अधिक रेनडिअर मेले आणि एक लहान मुलगाही दगावला. फार पूर्वी मेलेल्या जनावरांचे गोठलेले अवशेष वितळून हे जंतू मोकळे झाले, असे मानले जाते.

ध्रुवप्रदेशाचा अभ्यास हा केवळ पाश्चात्त्यांचा उद्योग राहिलेला नाही, हेही सांगितले पाहिजे. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर 2008 साली भारताने ‘हिमाद्री’ नावाचे संशोधनकेंद्र उघडले. त्याचा कारभार चालतो आपल्या शेजारच्या गोव्यातून, वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्राकडून.

टुंड्राचे तापमान खानदेशातील मनुष्याने एकट्याने कमी करावे, असे कोणी म्हणणार नाही. रेघेचे दुसरे टोक मात्र आपल्या हाती आहे. जलाशयाचे पाणी ओसरल्यावर उघड्या पडणाऱ्या जमिनीत गाळपेर करण्याची आपल्याकडे वहिवाट आहे. कलिंगड, हरभरा, भाजीपाला असे पीक पाण्याच्या कडेपर्यंत घेतले जाते. अल्पभूधारकाला तो मोठा आधार असतो, आणि पाखरांसाठी त्याने तो सोडावा असे मी म्हणणार नाही. पण पिकावरची कीटकनाशके ओल्या गाळात उतरली, तर ज्या अळ्यांवर टिलवा आपले दोन तोळे जगवितो त्याच प्रथम मरतात. पाण्यालगतची दहा-पंधरा हात रुंदीची पट्टी नांगर आणि फवारा यांवाचून राहू दिली, तरी माझ्या मते पुष्कळ साधेल. गिरणा आणि तापी यांच्या पात्रांतून वाळूचा जो उपसा चालतो, त्याचे समर्थन मात्र अल्पभूधारकाचे नाव पुढे करून कोणी करू नये.

ज्यांना या पाहुण्यांची स्वतः ओळख करून घ्यावयाची आहे, त्यांनी भाद्रपद-आश्विनात एखाद्या उथळ तळ्याच्या किंवा नदीच्या ओल्या काठाने दुर्बीण घेऊन फिरावे. हतनूरपर्यंत जाणे न झाले, तर जळगावकरांना मेहरूणचा तलाव आहे, धुळेकरांना नकाण्याचा. टुंड्रातून वडीलधारे पक्षी आधी निघतात. त्या वर्षी जन्मलेली पिले मागाहून, कोणीही वाट न दाखविता येतात. त्यांची ओळख सोपी आहे. पाठीवर दोन पांढऱ्या रेघा असतात आणि त्या शेपटीकडे एकमेकींना मिळतात. हिवाळा चढत गेला की हा पोशाख झडतो आणि सारेच करडे दिसू लागतात; म्हणून मोजणी त्याआधीच करावी. थव्यातील पक्षी प्रथम एकूण मोजावेत, मग पाठीवर पांढऱ्या रेघा असलेले वेगळे मोजावेत, आणि दोन्ही आकडे तारखेसह वहीत लिहून ठेवावेत. पुढच्या वर्षी त्याच काठावर, त्याच पंधरवड्यात पुन्हा जावे.